ईमेलचा पत्ता : निवड, स्थलांतर आणि खातेदाराचे हक्क

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला ईमेलचा पत्ता झोहो या भारतीय सेवेकडे नेल्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून वाचकांच्या पत्रांतून एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी येऊ लागला. आम्हीही जीमेल सोडावे काय, असे कोणी विचारतात; याहूचे वीस वर्षांचे खाते चालू ठेवण्यात धोका आहे काय, असे कोणी; आणि एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तर लिहिले आहे की एक खाते मुलाने उघडून दिले, दुसरे सुनेने, तिसरे फोनच्या दुकानदाराने, आणि निवृत्तिवेतनाचे पत्र यांपैकी कोठे येते हे आता घरात कोणालाच सांगता येत नाही. या साऱ्या पत्रांना एकत्र उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. आपला निर्णय आपणच घ्यावयाचा आहे. तो घेण्यास जेवढे जाणणे अवश्य आहे तेवढेच येथे सांगतो.

पत्ता कोणाच्या मालकीचा?

प्रथम माझाच एक अनुभव सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी घरी इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीने जोडणीबरोबर एक ईमेलचा पत्ताही दिला होता, आणि तो आयताच मिळाला म्हणून बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी अशा सर्व दप्तरांत मी तोच नोंदवून टाकला. पुढे घर बदलले, जोडणी बंद केली, आणि त्याबरोबर पत्ताही बंद पडला. विम्याच्या हप्त्याची सूचना त्या बंद पेटीकडे गेली; मुदत टळली; आणि पॉलिसी पुन्हा चालू करण्यासाठी वैद्यकीय तपासणीचे दाखले देत मला दोन महिने हेलपाटे घालावे लागले. कंपनीने करार मोडला होता असे नाही. तो पत्ता माझा आहे असे मी गृहीत धरले होते, एवढेच.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की आपल्या ईमेलच्या पत्त्यावर आज आपला बराचसा व्यावहारिक संसार टांगलेला असतो. आयकर खात्याची नोटीस तेथे आली तरी ती रीतसर बजावली गेली असे कायदा मानतो. म्युच्युअल फंडांचे एकत्रित विवरणपत्र तेथे येते. आणि इतर कोणत्याही खात्याचा परवलीचा शब्द विसरल्यास नवा शब्द ठरविण्याची वाट याच पेटीतून जाते. म्हणून सेवा निवडताना रंगरूप व सोयी यांच्याआधी दोन प्रश्न विचारावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ही सेवा उद्या सोडावीशी वाटली तर माझी सर्व पत्रे घेऊन मला निघता येईल काय? आणि माझी किल्ली हरवली तर मला आत कोण घेईल? सोयीसुविधांची तुलना या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर करावी.

प्रचलित सेवा आणि त्यांचे स्वभाव

जीमेल. गूगलने १ एप्रिल २००४ रोजी ही सेवा सुरू केली, आणि अँड्रॉइड फोनबरोबर गूगलचे खाते बहुधा उघडले जात असल्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांकडे ती आहेच. नको असलेले टपाल वेगळे काढण्यात ती तरबेज आहे आणि मराठी भाषेतूनही ती वापरता येते. जाहिराती नेमक्या कोणाला कोणत्या दाखवाव्यात हे ठरविण्यासाठी पत्रांतील मजकूर वाचण्याची प्रथा आपण बंद करीत आहोत, असे गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले. जाहिराती मात्र आजही दिसतात.

येथे सर्वाधिक लोक ज्यात अडकतात ती गोष्ट जागेची आहे. विनामूल्य मिळणारी १५ जीबी जागा एकट्या टपालाची नसून टपाल, ड्राइव्हमधील कागदपत्रे आणि फोनवरून आपोआप चढविले जाणारे फोटो या तिघांत ती सामाईक असते. आणि २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही तीतच मोजला जातो. गणपतीचे आणि लग्नाचे व्हिडिओ भरता भरता ही जागा संपते, आणि संपताच येणारी पत्रे परत जाऊ लागतात. ज्याला पत्र यायचे त्याला याचा पत्ताही नसतो. 'माझे जीमेल बिघडले' म्हणून आलेल्या पत्रांपैकी कित्येकांचे मूळ एवढेच निघाले. सेवा बदलण्यापूर्वी मोठे व्हिडिओ दुसरीकडे हलवून पाहावे. पुष्कळदा स्थलांतराची गरजच उरत नाही.

झोहो मेल. चेन्नईच्या झोहो कंपनीची ही सेवा २००८ पासून चालू आहे. जाहिराती नाहीत, आणि भारतातील खातेदारांची माहिती ठेवण्यासाठी कंपनीची केंद्रे मुंबई व चेन्नई येथे आहेत. विनामूल्य खात्यात ५ जीबी जागा मिळते. पण नव्याने उघडलेल्या विनामूल्य खात्यात आयमॅप व पॉप यांची मुभा नसते, म्हणजे थंडरबर्ड किंवा आउटलुक यांसारख्या दुसऱ्या कार्यक्रमातून ती पेटी उघडता येत नाही आणि झोहोच्याच ॲपवर किंवा संकेतस्थळावर अवलंबून राहावे लागते. हा मुद्दा किरकोळ वाटेल. परंतु वर सांगितलेल्या निघण्याच्या वाटेशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून दीर्घकाळ राहावयाचे असेल तर अल्प मोबदल्याची योजना घेणे मला शहाणपणाचे वाटते.

स्वदेशी सेवेला आपला आश्रय मिळावा असे ज्यांना मनापासून वाटते त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे, आणि ही सेवा त्या आश्रयास पात्रही आहे. मात्र 'भारतीय सेवा म्हणजे आपली पत्रे कोणी पाहू शकत नाही' ही समजूत खरी नाही. पत्रे उघडण्याची किल्ली येथेही कंपनीपाशी असते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली शासन विवक्षित कारणांसाठी ती मागू शकते.

आउटलुक. सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेले हॉटमेल पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. तेच आज या नावाने चालते. टपालासाठी १५ जीबी जागा मिळते. कचेरीत वर्ड आणि एक्सेल यांवर काम करणाऱ्यांस ती सोयीची पडते. घरगुती वापरापुरते पाहिले तर जीमेल सोडून येथे यावे असे सबळ कारण मला दिसत नाही.

याहू व रेडिफमेल. आपल्याकडील अनेकांचा पहिला पत्ता या दोहोंपैकी एक होता, आणि त्याविषयीची माया समजण्यासारखी आहे. तथापि २०१३ साली याहूच्या सर्व, म्हणजे सुमारे ३ अब्ज, खात्यांची माहिती चोरीस गेली आणि तिची पूर्ण व्याप्ती कंपनीने सांगितली ती २०१७ मध्ये, हे विसरता येत नाही. पूर्वी दिलेली १ टीबी विनामूल्य जागाही २०२५ मध्ये २० जीबीवर आली. जुना पत्ता चालू ठेवण्यास हरकत नाही. नवे महत्त्वाचे व्यवहार मात्र त्यावर नेऊ नयेत.

प्रोटॉन मेल. हिच्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आढळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सर्न या संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमध्ये उभारलेली ही सेवा २०१४ मध्ये लोकांसाठी खुली झाली. येथे पेटीतील पत्रे अशा रीतीने कुलूपबंद ठेवली जातात की ती कंपनीलाही वाचता येत नाहीत. परंतु आपण प्रोटॉनवरून जीमेलच्या पत्त्यावर साधे पत्र लिहिले तर त्याची एक प्रत गूगलकडे उघडीच पडते, आणि पत्राचा विषय, पाठविणारा व घेणारा एवढी माहिती कुलपाबाहेरच राहते. दुसरे असे की किल्ली खरोखरच आपल्या एकट्याच्या हाती असल्यामुळे पासवर्ड विसरल्यास, आणि पुनःप्राप्तीचा शब्दसमूह किंवा फाइल जपून ठेवली नसल्यास, खाते परत मिळाले तरी जुनी पत्रे वाचता येत नाहीत. याखेरीज, २०२५ च्या एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही सेवा भारतात बंद करण्याची कार्यवाही करावी असा आदेश केंद्र शासनास दिला होता, ही गोष्टही तिच्यावर सर्व व्यवहार सोपविण्यापूर्वी लक्षात घ्यावी. पत्रकार, वकील, किंवा ज्यांच्या पत्रांत दुसऱ्यांची गुपिते असतात अशांसाठी ती उत्तम आहे. बँक आणि विजेचे बिल यांसाठी मी तिची शिफारस करीत नाही.

स्वतःचे डोमेन : ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी हे वाचावे

दुकानदार, डॉक्टर, सनदी लेखापाल, लेखक किंवा लहान संस्था यांच्यासाठी माझे मत निःसंदिग्ध आहे : सेवा कोणतीही घ्या, पत्ता स्वतःच्या नावाचा घ्या. डॉट इन या शेवटाचे नाव, म्हणजेच डोमेन, वर्षाकाठी सामान्यतः हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. त्या नावावर येणारे टपाल कोणत्या सेवेकडे जावे हे 'एमएक्स' नावाची एक नोंद ठरविते, आणि ती नोंद बदलली की तोच पत्ता झोहोकडून गूगलकडे किंवा गूगलकडून आणखी कोठे नेता येतो. व्हिजिटिंग कार्डे पुन्हा छापावी लागत नाहीत, ग्राहकांस कळवावे लागत नाही. झोहो आपल्या विनामूल्य योजनेत ५ जणांपर्यंत ही सोय देते.

काही खाचखळगे मात्र आहेत :

- डोमेन आपल्या स्वतःच्या नावे व आपल्याच खात्यातून विकत घ्यावे. संकेतस्थळ करून देणाऱ्या इसमाने ते स्वतःच्या नावे घेतले, तर भांडण झाल्यावर दुकानाची पाटी त्याच्या घरी राहते.
- नूतनीकरण चुकवू नये. सोडलेले नाव कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग आपल्या नावाने येणारे प्रत्येक पत्र, पासवर्ड बदलण्याचे दुवे धरून, त्याच्या हाती पडते.
- डोमेनच्या खात्यासाठी त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नये. घराची किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्याचा तो प्रकार आहे.
- 'एसपीएफ' व 'डीकेआयएम' या पाठविणाऱ्याची ओळख पटविणाऱ्या दोन नोंदी सेवेने सांगितल्याप्रमाणे भराव्यात. २०२४ पासून गूगलने या पडताळणीविषयी कडक धोरण धरले असून नोंदी नसलेली पत्रे स्पॅममध्ये जातात किंवा परत येतात.

नाव कसे ठेवावे

आपल्या नावांचे रोमन लेखन एकसारखे नसते. 'ज्ञ' महाराष्ट्रात डी-एन-वाय असा लिहितात तर उत्तरेत जी-वाय. 'वि'साठी कोणी व्ही वापरतो, कोणी डब्ल्यू. फोनवर सांगताना न चुकेल असे लेखन निवडावे आणि जन्मसाल पत्त्यात घालू नये. जीमेल नावातील टिंबे मोजत नाही. इतर काही सेवा मोजतात. म्हणून जीमेलवर टिंब असूनही नसूनही चालणारे नाव आउटलुकवर घेतले, की टिंब विसरलेले पत्र दुसऱ्या कोणाकडे जाण्याचा संभव असतो.

देवनागरीतच पत्ता असावा अशी इच्छा कित्येकांनी कळविली आहे, आणि ती माझीही आहे. 'डॉट भारत' हा शेवट २०१४ पासून उपलब्ध आहे, जयपूरच्या डेटामेल सेवेने २०१६ मध्ये भारतीय लिप्यांतील पत्ते देण्यास आरंभ केला, आणि जीमेलही २०१४ पासून अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करू देते. अडचण येते ती अर्जांच्या खिडकीवर. अनेक बँकांचे व कार्यालयांचे ऑनलाइन अर्ज रोमन अक्षरांखेरीज पत्ता स्वीकारीतच नाहीत. तेव्हा स्नेह्यांच्या पत्रव्यवहारासाठी असा पत्ता जरूर घ्यावा, आणि जेथे तो नाकारला जाईल तेथे तक्रार नोंदवावी. नोंदल्याशिवाय ही दारे उघडणार नाहीत.

स्थलांतराची रीत

बदल करावयाचाच असे ठरले, तर घाई हा त्यातील सर्वांत मोठा शत्रू आहे. क्रम असा ठेवावा :

1. नवे खाते उघडावे, आणि जुने निदान एक वर्ष चालू ठेवावे. विम्याचा हप्ता, मुदतठेवीची सूचना, आयकर विवरणाची पोच ही पत्रे वर्षातून एकदाच येतात. एक फेरा पूर्ण झाल्याखेरीज काय राहून गेले ते कळत नाही.
2. जुन्या पत्रांची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी. जीमेलसाठी गूगलची 'टेकआउट' ही सोय आहे. तीतून मिळणारी एमबॉक्स फाइल थंडरबर्ड या विनामूल्य कार्यक्रमात वाचता येते.
3. जुन्या खात्यात आलेले पत्र नव्याकडे आपोआप पुढे जाईल अशी व्यवस्था करावी. जीमेल व आउटलुक ही मुभा विनामूल्य देतात. याहू २०२१ पासून मोबदला घेते.
4. मग दप्तरांतील पत्ते बदलावेत. आधी बँक, नंतर आयकराचे पोर्टल, भविष्यनिर्वाह निधी, म्युच्युअल फंड व डीमॅट, विमा, आधार. खरेदीची ॲपे अगदी शेवटी.
5. 'गूगलने प्रवेश करा' ही कळ दाबून आपण कोठे कोठे खाती उघडली आहेत याची यादी गूगलच्या खात्यातील सुरक्षा विभागात सापडते. ती पाहून प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र पासवर्ड ठरवावा, अन्यथा जुने खाते बंद होताच ती सर्व दारे एकदम बंद होतील.
6. वर्षानंतरही जुने खाते मिटवू नये. अधूनमधून उघडीत राहावे. गूगल दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकू शकते, आणि याहू बारा महिने न उघडलेली पेटी रिकामी करते.

याच काळात 'आपली पेटी भरली आहे, येथे पडताळणी करा' अशी पत्रे येतात. त्यांतील दुव्यावर बोट ठेवू नये. खाते नेहमीच्या रीतीने उघडून पाहावे. खरोखर काही असेल तर ते तेथे दिसेलच.

किल्ली हरवू नये म्हणून

दुहेरी पडताळणी चालू करावी, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे. तिच्याबरोबर मिळणारे राखीव संकेतांक कागदावर उतरवून कपाटात ठेवावेत, हे फार थोडे करतात. आणि एक गोष्ट तर जवळजवळ कोणीच तपासत नाही : खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक आज कोणाचा आहे? आपल्या देशात बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांची मुदत उलटल्यावर दुसऱ्या ग्राहकास देता येतो. नोकरीनिमित्त परदेशी गेलेले आपले बांधव येथील सिमकार्ड सोडून देतात, आणि काही महिन्यांनी त्यांच्या ईमेलचा, पर्यायाने बँकेचा, संकेतांक एखाद्या अपरिचिताच्या फोनवर वाजू लागतो. क्रमांक सोडण्यापूर्वी ही नोंद बदला. घरातील वृद्धांचे खाते तर या एका गोष्टीसाठी आजच उघडून पाहा.

खातेदाराचे हक्क

सेवा विनामूल्य आहे म्हणून आपणांस हक्क नाहीत असे नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक सेवेने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध केला पाहिजे. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निवाडा नियमांत ठरलेल्या मुदतीत दिला पाहिजे. उत्तर न मिळाल्यास किंवा ते अमान्य असल्यास ३० दिवसांच्या आत केंद्र शासनाच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. खाते विनाकारण गोठविले गेले असता हाच मार्ग धरावा; म्हणून प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. खात्याचा कोणी कबजा घेऊन पैशाची फसवणूक केली असेल तर मात्र कंपनीच्या उत्तराची वाट न पाहता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने याहून व्यापक हक्क दिले आहेत : आपली कोणती माहिती कंपनीपाशी आहे हे जाणण्याचा, ती दुरुस्त करवून किंवा पुसवून घेण्याचा, आणि मृत्यू किंवा असमर्थता आल्यास हे हक्क बजावण्यासाठी वारस नेमण्याचा. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून हक्कांची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अंमलात यावयाची आहेत.

वारसाची तजवीज

तोवर थांबण्याचे कारण नाही. गूगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याविषयीची एक सोय आहे. तीत आपण ३ ते १८ महिन्यांमधील मुदत ठरवावयाची, आणि तेवढा काळ खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या व्यक्तींना, जास्तीत जास्त दहा जणांना, सूचना जाऊन आपण परवानगी दिलेला भाग पाहता येतो. ही सोय नसलेल्या सेवांसाठी एका कागदावर सेवेचे नाव, पत्ता, जोडलेला मोबाइल क्रमांक आणि राखीव संकेतांक लिहून तो लिफाफा मृत्युपत्राबरोबर ठेवावा, आणि तो कोठे आहे हे घरातील एका विश्वासू माणसास सांगून ठेवावे. पासवर्ड किंवा क्रमांक बदलला की त्याच दिवशी तो कागदही बदलावा.